घाटात काटा लाल होतो: जुन्या एमएम ५४० च्या तापण्याचं निदान आणि दुरुस्ती

तुमची अडचण थोडक्यात अशी: १९९४ ची महिंद्रा एमएम ५४०, प्यूजोचं २११२ सीसीचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन. सपाट रस्त्यावर ५०-६० च्या वेगात काटा मधोमध. चार माणसं घेऊन घाट चढायला लागलं की पंधरा मिनिटांत काटा लाल पट्टीवर जातो आणि गाडी पाणी फेकते. जंगलातल्या वाटेवर लो गिअरमध्येही तेच. गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट (पाणी ठराविक तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकला, रेडिएटरचं झाकण बदलून जास्त दाबाचं बसवलं, कॉम्प्रेसरने जाळी साफ केली. फरक पडला नाही. आता तो हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवायचं म्हणतोय आणि तुम्ही विचारताय की आधी मोठा रेडिएटर किंवा इलेक्ट्रिक फॅन बसवून बघावा का.

हेड उतरवू नका, निदान अजून तरी. सपाटीवर चालणारी आणि चढावर किंवा कासवगतीने तापणारी गाडी बहुतेक वेळा हवेच्या किंवा रेडिएटरच्या क्षमतेच्या बाजूने अडलेली असते. दोन्ही तपासायला स्वस्त आहेत. हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील, म्हणजे गॅस्केट, गेलंय की नाही हे हेड न काढताही कळतं. ती चाचणी पुढे दिली आहे.

सुरुवात काट्यापासून करा, कारण या वयाच्या गाड्यांत काटाही खोटं बोलतो. हेडलाइट लावल्यावर काटा जरा हलत असेल तर इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी गंजलेली आहे. ती काढून दोन्ही टोकं घासून लखलखीत करा, पुन्हा घट्ट बसवा आणि मगच काट्यावर विश्वास ठेवा. खरं तापमान मोजायला इन्फ्रारेड गन घ्या, पण चकचकीत धातूवर ती कमी आकडा दाखवते. म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर आणि रेडिएटरच्या वरच्या-खालच्या टाक्यांवर काळ्या इन्सुलेशन टेपचा एकेक तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा. घराच्या तुकड्यावर ८५ ते ९५ अंश म्हणजे ठीक. १०० च्या वर सतत राहिलं तर तापतंय. काटा लाल आणि गन ९० दाखवत असेल तर सेंडर (काट्याला तापमान कळवणारा सेन्सर) बदला.

मग पाणी फेकण्याचं. थंड असताना गळ्यापर्यंत भरलेल्या रेडिएटरमधून थोडं पाणी बाहेर येणं हा रोग नव्हेच. २० अंशांचं पाणी ९५ पर्यंत गेलं की साधारण ४ टक्के फुगतं. १० लिटरला हे ४०० मिलिलिटर झालं. तुमच्या गाडीला परत घेणारी बाटली नसेल तर तेवढं नळीतून खाली पडणारच. रोज सकाळी ते भरलं की रोज ते पुन्हा पडतं आणि मालकाला वाटतं गाडी पाणी खाते. गळ्याखाली अडीच-तीन सेंटिमीटर जागा ठेवून दोन-तीन दिवस बघा. पातळी तिथेच थांबली तर गळती नाही. त्याहून बरं म्हणजे एक लिटरची बाटली लावा. त्यासाठी झाकण दोन व्हॉल्वचं लागतं: एक दाबाने बाहेर सोडणारा आणि एक थंड होताना पाणी परत ओढून घेणारा. ओव्हरफ्लोची नळी बाटलीत तळापर्यंत बुडलेली हवी, नाहीतर परत येताना हवा ओढली जाते.

जास्त दाबाचं झाकण लावून गॅरेजवाल्याने भलतं काम केलंय. दाब वाढवला की उकळण्याचा बिंदू वाढतो हे खरं: समुद्रसपाटीला ०.५ किलोच्या (म्हणजे चौरस सेंटिमीटरला ०.५ किलो दाबाच्या) झाकणाने पाणी सुमारे १११ अंशांना आणि ०.९ किलोच्या झाकणाने ११८-११९ ला उकळतं. पण इंजिनातून निघणारी उष्णता तेवढीच राहते, फक्त उकळी उशिरा दिसते. वर तीस वर्षांच्या पितळी टाकीची झाळण ०.९ चा दाब सहन करेलच असं नाही. टाकी आणि ट्यूबांच्या पट्टीच्या जोडावर हिरवट-पांढरी पूड दिसते का बघा. तिथून ती सुटायला लागते. गाडीच्या पुस्तकात जो दाब दिलाय तोच घ्या. झाकण आणि पूर्ण रेडिएटर, दोन्ही हातपंपाच्या प्रेशर टेस्टरवर रेडिएटरवाल्याकडे तपासून मिळतं. झाकणाच्या दाबाइतका दाब भरल्यावर दहा मिनिटं काटा हलता कामा नये.

उंचीचा मुद्दा सह्याद्रीत फारसा नाही, लडाखला जाणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावा. दर हजार मीटरला उकळबिंदू साधारण सव्वातीन अंशांनी उतरतो. ५३५९ मीटरवर खारदुंग ला इथे उघडं पाणी ८२-८३ अंशांना उकळतं, म्हणजे जवळपास ८२ चा थर्मोस्टॅट उघडायला लागतो त्याच तापमानाला. तिथे झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर बाकी सगळी यंत्रणा निर्दोष असूनही गाडी उकळेल.

थर्मोस्टॅट परत बसवा. "पाणी अडतं म्हणून तापते, काढून टाका" हा सल्ला प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळतो. त्याचा उलटा सल्लाही मिळतो की पाणी फार जोरात फिरलं तर त्याला रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळच मिळत नाही. दोन्ही चूक. जोरात फिरणारं पाणी जास्तच उष्णता नेतं. थर्मोस्टॅट काढल्यावर काम बिघडतं ते दुसऱ्या कारणाने: पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याची खालची थाळी बायपासचं भोक बंद करते. तो नसला की ते भोक कायम उघडं राहतं आणि पाण्याचा एक मोठा हिस्सा रेडिएटरला न जाता थेट वॉटर बॉडीकडे (पाण्याच्या पंपाकडे) फिरत राहतो. सपाटीवर हे लपतं, घाटात उघड होतं. शिवाय सपाटीवर डिझेल इंजिन ६०-६५ अंशांवर चालत राहतं, तेल दाट राहतं, लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) आणि रिंगा झिजतात.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात तपासा. पातेल्याच्या तळाला टेकू न देता दोऱ्याने लटकवा, बाजूला थर्मामीटर. ८२ चा असेल तर ८०-८४ दरम्यान हलायला लागायला हवा आणि ९५ च्या आसपास साधारण ८ मिलिमीटर उघडायला हवा. बसवताना त्यावरची छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवा. तिच्या भोकातून अडकलेली हवा निघते.

आता तुमच्या गाडीबाबत माझा पहिला संशय: फॅनचा काऊल. म्हणजे रेडिएटरच्या मागचं ते पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं कडं. जुन्या जीपांत वॉटर बॉडी बदलताना ते काढलं जातं, वाकतं किंवा फुटतं आणि परत लावलं जात नाही. काऊल नसेल तर फॅन समोरून रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी बाजूची, इंजिनाला लागून तापलेली हवाच घुसळत बसतो. सपाटीवर ६० च्या वेगात समोरून येणारा वारा काम भागवतो. दुसऱ्या गिअरमध्ये १५-२० च्या वेगाला सगळी मदार फॅनवर येते. तुमची लक्षणं तंतोतंत ही आहेत.

काऊल लावताना तीन मापं बघा. फॅनच्या पात्याची रुंदी निम्मी काऊलच्या आत आणि निम्मी बाहेर असावी. पात्याच्या टोकापासून काऊलच्या कडेपर्यंत १५ ते २० मिलिमीटर फट सगळीकडे सारखी असावी. इंजिनाचं मांडणं (माउंटिंग) खचलेलं असेल तर फॅन खाली झुकतो आणि वर जास्त, खाली कमी फट दिसते. तेव्हा आधी मांडणीचे रबर बदला. काऊल आणि रेडिएटर यांच्यात चारही कडांना फट नको. हवा सोपी वाट शोधते. मूळ काऊल मिळाला नाही तर १ मिलिमीटर जीआय पत्र्यातून पत्रेवाला करून देतो. रेडिएटरच्या पूर्ण जाळीवर बसणारी चौकोनी पेटी आणि तिला गोल तोंड, एवढंच.

फॅनच्या पात्यांचा उलटसुलटपणाही बघा. उलटा बसवला तरी हवा मागेच फेकली जाते, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. पण पात्याची गोलाई उलटी झाल्याने हवा बरीच कमी ओढली जाते. पात्याची खोलगट बाजू इंजिनाकडे हवी. बेल्ट दोन पुलींच्या मधे अंगठ्याने दाबला तर १० ते १२ मिलिमीटर दबावा. बेल्टच्या बाजू काचेसारख्या चकाकत असतील तर तो ताणूनही घसरणार, नवाच घाला. पुलीची खाच खालून चकचकीत दिसत असेल तर बेल्ट बाजूंऐवजी तळाला टेकतोय, म्हणजे बेल्ट चुकीच्या रुंदीचा आहे किंवा पुली झिजली आहे.

पुढच्या ग्रिलसमोर काय काय बांधलंय? विंच, दोन जाडजूड फॉग लाइट, मोठा हॉर्न, नंबर प्लेट, मडगार्डला टांगलेला दोर: शर्यतीला जाणाऱ्या जीपांचं हे नेहमीचं चित्र आहे. हे सगळं एका दिवसासाठी काढून घाट चढून बघा. फुकटची चाचणी आहे.

आणि जाळी. कॉम्प्रेसरने हवा मारली म्हणजे सुकी धूळ गेली. पावसाळ्यात चिखलातून घातलेल्या गाडीच्या फिन्समध्ये (जाळीतल्या पातळ पट्ट्यांत) माती आणि गवताचं बी थापून बसलेलं असतं, ते भिजवल्याशिवाय निघत नाही. रेडिएटर उतरवा, भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा आणि इंजिनाच्या बाजूने पुढे अशा दिशेने साध्या नळाने धुवा. सर्व्हिसिंगच्या प्रेशर गनने नको, तिने फिन्स आडव्या होतात आणि मग त्या कायमच्या बंद. मागून बल्ब धरून पुढून बघा. प्रकाश सगळीकडून सारखा यायला हवा. बोटाने चाचपल्यावर फिन्सचे तुकडे भुसासारखे गळत असतील तर त्या ट्यूबांपासून सुटलेल्या आहेत. असा रेडिएटर आतून कितीही स्वच्छ असला तरी निकामी. त्याचा कोर बदलावा लागतो.

दुसरा संशय आतल्या चुन्याचा. तुमच्या प्रश्नात "बोअरचं पाणी टाकतो" असं आहे. दख्खनच्या पठारावरचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम सर्वात गरम जागी, म्हणजे हेडच्या पोकळ्यांत आणि लायनरभोवती जमतो. १ मिलिमीटर चुन्याचा थर उष्णता अडवण्यात साधारण दोन ते पाच सेंटिमीटर जाड ओतीव लोखंडाइतका असतो. त्यामुळे पाणी ९० दाखवत असतानाही हेड आतून फार तापलेलं असू शकतं.

पाणी काढताना बादलीत मोजा. रेडिएटरचा बूच आणि ब्लॉकच्या बाजूचा बूच दोन्ही उघडा. फक्त रेडिएटरचा उघडला तर ब्लॉकमधलं पाणी आतच राहतं. ब्लॉकच्या बुचातून काहीच येत नसेल तर आत तार घालून बघा, तळाशी गाळ दगडासारखा बसलेला असतो. पुस्तकात दिलेल्या क्षमतेपेक्षा दीड-दोन लिटर कमी निघालं तर उत्तर मिळालं.

रेडिएटर उतरवलेलाच आहे तर वाहत्या पाण्याची चाचणी करा. खालचं तोंड तळहाताने दाबून धरा, वरून गच्च भरा, हात सोडा. धो धो, तोंड भरून, काही सेकंदांत रिकामा व्हायला हवा. पाणी बारीक धारेने रेंगाळत येत असेल तर ट्यूबा बुजल्या आहेत. गाडीवरच असेल तर गरम झाल्यावर जाळीवर आडवी-उभी गन फिरवा: मधेच १५-२० अंश थंड पट्टा लागला की तेवढ्या ट्यूबांतून पाणी जात नाही.

अर्धवट बुजलेल्याला सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व. १० लिटर साध्या पाण्याला ५०० ग्रॅम. थर्मोस्टॅट काढून भरा, इंजिन ८० अंशांपर्यंत न्या, थोड्या वाढवलेल्या आयडलवर २०-३० मिनिटं चालू ठेवा. बंद करून ५० अंशांखाली आल्यावर काढा. पाणी गढूळ तपकिरी निघेल. मग रेडिएटर खालून वर आणि ब्लॉक वरून खाली असे वेगवेगळे, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. त्यानंतर १० लिटरला १०० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं चालवा म्हणजे उरलेलं आम्ल मरतं, आणि पुन्हा दोनदा साधं पाणी. फार घाण असेल तर एकदा परत करा, रात्रभर भरून मात्र ठेवू नका. ॲल्युमिनियमला ते मानवत नाही. संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही नको. ते चुन्याबरोबर झाळण आणि हेड दोन्ही खातं. आणखी एक सांगून ठेवतो: चुना गेला की त्याने बुजवून ठेवलेली भोकंही उघडी पडतात, तेव्हा सफाईनंतर रेडिएटर किंवा वॉटर प्लग (ब्लॉकवरचा वाटीसारखा बूच) पाझरायला लागला तर ती सफाईची चूक नव्हे. त्यावर हळद टाकायचा मोह आवरा. हळद भोक बुजवते, पण सोबत चांगल्या ट्यूबाही बुजवते, आणि वाटेत अडकल्यावर घरी पोचण्यापुरताच तो इलाज आहे.

पूर्ण बुजलेल्या पितळी रेडिएटरला रॉडिंग करतात: वरची-खालची टाकी झाळण वितळवून काढायची, प्रत्येक ट्यूबेतून चपटी पट्टी आरपार घालायची आणि टाक्या परत झाळायच्या. यासाठी जुना माणूस शोधा, कारण नवी मुलं सरळ ॲल्युमिनियमचा रेडिएटर विकतात. रॉडिंग झाल्यावर ट्यूबा मोजून घ्या. फुटलेल्या ट्यूबेचं तोंड झाळून बंद केलेलं असतं. दोन-चार चालतात. दहा टक्क्यांपेक्षा जास्त बंद असतील तर कोर बदला.

वॉटर बॉडी आणि पाईप. बॉडीच्या खालच्या बारीक भोकातून पाण्याचा ओघळ किंवा रंगाचा डाग असेल तर सील गेलंय. फॅन धरून पुढेमागे हलवा. खेळ असेल तर बेअरिंग. हे सगळे बघतात. न दिसणारी खोड म्हणजे आतला इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक): साध्या पाण्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या बॉडीत त्याची पाती गंजून अर्धी झालेली असतात, किंवा तो शाफ्टवर सैल होऊन जागीच फिरतो. बाहेरून पुली छान फिरताना दिसते. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त बॉडींत इंपेलर आणि घराच्या भिंतीतली फट जास्त असते, बसवण्याआधी जुन्याशेजारी ठेवून ताडून बघा. खालच्या पाईपमध्ये स्प्रिंग आहे ना हेही पाहा. ही ओढणारी बाजू आहे. स्प्रिंग गंजून गेलेली आणि रबर मऊ झालेलं असेल तर आरपीएम वाढला की पाईप चपटा होतो आणि पाणी थांबतं. कुणालातरी ॲक्सिलरेटर दाबायला सांगून बॉनेट उघडं ठेवून बघा, डोळ्यांना दिसतं.

इथपर्यंत आल्यावर सगळ्यात उपयोगी मोजमाप करता येतं. गाडी पूर्ण तापलेली, थर्मोस्टॅट उघडलेला, आणि वरच्या व खालच्या टाकीवरच्या टेपची तापमानं घ्या. फरक ५ ते १२ अंश असला तर बरं चाललंय. २० च्या वर असेल तर पाणी हळू फिरतंय: बॉडी, पाईप, थर्मोस्टॅट किंवा ट्यूबा. फरक २-३ अंशच असेल आणि तरी इंजिन तापत असेल तर पाणी नीट फिरतंय पण हवा उष्णता नेत नाही: फॅन, काऊल, बेल्ट, फिन्स. हे माप घाट चढून वर गेल्या गेल्या, इंजिन बंद न करता घ्या. या एका आकड्याने निम्मे सुटे भाग वाचतात.

आता गॅस्केटची चाचणी. इंजिन पूर्ण थंड. फॅन बेल्ट काढा म्हणजे पाणी फिरणार नाही. रेडिएटर गळ्यापर्यंत भरा, झाकण उघडं ठेवा, सुरू करा आणि दोन-तीनदा रेस द्या. सतत, इंजिनाच्या ठेक्यात बुडबुडे येत राहिले तर ज्वलनाचा वायू पाण्यात येतोय. सुरुवातीचे चार-दोन बुडबुडे म्हणजे अडकलेली हवा, ती थांबते. दोन मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका. बेल्ट लावून दुसरी खूण: थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा पाईप दगडासारखा कडक झाला आणि हाताला अजून गार लागतोय, तर तो वाफेचा दाब नाही, गॅसचा आहे. खात्री हवी असेल तर निळ्या रसायनाचा ब्लॉक टेस्टर मिळतो. कार्बन डायऑक्साइड लागला की निळा रंग पिवळा किंवा हिरवट होतो.

या चाचणीत गॅस्केट गेलेलं निघालं तरच हेड काढा. काढल्यावर सरळ पट्टी आणि फिलर गेजने लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर तपासा. लांबीत ०.१० मिलिमीटरपेक्षा जास्त वाक असेल तर फेस मारावा (पृष्ठभाग घासून सपाट करावा) लागतो, तोही गरजेपुरता. डिझेलमध्ये जास्त घासलं की पिस्टन आणि व्हॉल्वमधली जागा कमी होते. एक्सडीपीसारख्या प्री-चेंबरच्या (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटतं अशा) हेडमध्ये चेंबरच्या टोप्याही पुन्हा पातळीत आणाव्या लागतात. लेथवाल्याला हे ठाऊक असेल असं गृहीत धरू नका, तोंडाने सांगा. लायनर ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा किती वर आहेत ते डायल गेजने मोजा आणि पुस्तकाच्या आकड्याशी ताडा. एखादा लायनर खाली खचलेला असेल तर नवं गॅस्केटही महिन्याभरात जाईल. जुने बोल्ट ताणलेले असतात, नवे घ्या, आणि घट्ट करताना मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच.

थंड करणारं सगळं ठीक असूनही इंजिनच जास्त उष्णता तयार करत असेल, तर? "पिकअप वाढवून देतो" म्हणत डिझेल पंपाचा स्क्रू कुणी फिरवलाय का विचारा. चढावर पूर्ण दाबल्यावर मागे काळा धूर लोटत असेल तर ते डिझेल शक्तीत कमी आणि उष्णतेत जास्त जातंय. पंप टेस्ट बेंचवर लावून मापात आणा, नोझलही तिथेच तपासून होतील. पंपाचं टायमिंग मागे असेल तर राखाडी धूर आणि लालभडक मॅनिफोल्ड. पुढे असेल तर कडक ठोका. दोन्हीत इंजिन तापतं. चाकं हाताने फिरवून ब्रेक अडकत नाहीत ना पाहा. मूळ ६.००-१६ च्या जागी ३१ इंची टायर घातले असतील तर गिअरिंग ८-९ टक्क्यांनी लांब झालंय. जो चढ पूर्वी तिसऱ्यात जायचा तो आता दुसऱ्यात चढा. वरच्या गिअरमध्ये घुसमटत चढवलं की भार जास्त आणि फॅन-वॉटर बॉडी मात्र मंद. खालचा गिअर, २२०० ते २५०० आरपीएम, पाय अर्धाच. आणि कोरड्या डांबरी घाटात फोर व्हील लावून चढू नका. या गाडीला मधला डिफरन्शियल नाही. पुढचे-मागचे ॲक्सल एकमेकांशी भांडतात आणि तो भार इंजिनावर येतो.

भरताना ७० टक्के डिस्टिल्ड पाणी आणि ३० टक्के कूलंट हे आपल्याकडच्या हवेला पुरतं. थंडीत हिमालयात जाणार असाल तर निम्मं-निम्मं. कूलंटमधलं ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतं, म्हणून "जास्त कूलंट म्हणजे जास्त थंडावा" हे खरं नाही. आपल्याकडच्या हवेत कूलंटचं मुख्य काम गंज रोखणं आहे. रंगावर जाऊ नका, बाटलीवर तांबं-पितळ आणि झाळणीला चालतं असं लिहिलेलं आहे का ते वाचा. वेट लायनरच्या (ज्याच्या बाहेरून थेट पाणी फिरतं अशा लायनरच्या) डिझेलला लायनरच्या बाहेरून भोकं पडण्यापासून वाचवणारं ॲडिटिव्ह असलेलंच घ्या. गाडीचं तोंड चढाकडे करून, हीटर असेल तर त्याचा कॉक उघडून, हळूहळू भरा. झाकण न लावता थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा. पातळी एकदम खाली गेली की अडकलेली हवा निघाली. पुन्हा भरा आणि मग झाकण लावा.

घाटात काटा वर जायला लागला तर लगेच बंद करू नका. बाजूला घ्या, न्यूट्रल, १५०० आरपीएम, हीटर पूर्ण. दोन-तीन मिनिटांत काटा उतरायला हवा. वाफ निघत असेल किंवा पाणीच गेलेलं असेल तर मात्र ताबडतोब बंद. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. नंतर जाड कापड टाकून पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, दाब सोडा, मग उघडा. पाणी इंजिन पुन्हा सुरू करून, बारीक धारेने ओता. कोरड्या तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं की ते तडकतं.

मोठा रेडिएटर घ्यायचा असेल तर घ्या, पण काऊल आणि सफाईच्या नंतर, आधी नाही. इलेक्ट्रिक फॅन या गाडीला मी सुचवणार नाही. १२ इंची फॅन इंजिनाच्या फॅनपेक्षा कमी हवा ओढतो, १६ इंची चालेल पण तो २५-३० ॲम्पिअर खातो आणि जुन्या अल्टरनेटरला रात्री हेडलाइटसकट ते झेपत नाही. त्याचा एकच खरा फायदा नदी ओलांडताना आहे: बंद करता येतो. फिरता फॅन पाण्यात बुडला की पाती पुढे वाकतात आणि रेडिएटर कापतात. बेल्टच्या फॅनवर पाणी ओलांडायचं असेल आणि ते फॅनपर्यंत येणार असेल, तर काठावर इंजिन पाच-दहा मिनिटं निवू द्या, बेल्ट सैल करा आणि ग्रिलसमोर ताडपत्री बांधा. पलीकडे गेल्यावर सर्वात आधी ताडपत्री सोडा आणि बेल्ट ताणा.